स्टेंटनंतरची सिगारेट

नाशिकहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या ४४ वर्षांच्या, यजमान ४९ वर्षांचे. यजमान कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहेत. तीन महिन्यांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. पंचवीस वर्षांची सिगारेट त्या दिवशी थांबली. दवाखान्यातच बाईंनी त्यांना बारावीतल्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. दीड महिना बरा गेला. मग स्कूटरच्या डिक्कीत अर्धं पाकीट सापडलं. आधी ‘मित्राचं आहे’ म्हणाले, मग ‘दिवसाला दोन-तीनच, त्याही लाइट’. पुन्हा शपथ झाली. तरी आता लवंगेच्या वासाआडून सिगारेटचा वास येतोच. सासूबाई म्हणतात, त्याला टोकू नकोस, टेन्शननं परत झटका येईल. तुझे सासरे तर ऐंशीपर्यंत बिडी ओढत होते. कारखान्यातल्या एका मित्राचा सल्ला, त्यापेक्षा तंबाखू खा, धूर तरी नाही. बाई विचारतात : ज्याला लेकीच्या शपथेची किंमत नाही, त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? मुलीला सांगू का? डॉक्टरांना सांगू का? की गप्प बसू?

ताई,

डॉक्टरांना कळायलाच हवं. हे आधी लिहिते, कारण बाकीच्या प्रश्नांना थोडा वेळ घेता येईल, याला नाही. कसं सांगायचं ते पुढे येईलच. पण त्याआधी तुम्ही मनाशी जे ठरवून बसला आहात त्याबद्दल बोलू या. यजमानांना लेकीच्या शपथेची किंमत नाही, म्हणजे आम्हा दोघींचीच नाही, असं तुम्हाला वाटतं आहे.

मला तसं वाटत नाही. पाकीट डिक्कीत लपवणाऱ्या, तोंडात लवंग टाकून घरात येणाऱ्या माणसाला लाज वाटत असते. ज्याला कशाचीच पर्वा नाही तो गॅलरीत उभा राहून सगळ्यांदेखत ओढतो. दवाखान्यात शपथ घेताना यजमान मनापासूनच बोलले असतील. पण झुरक्यातलं निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, आणि पंचवीस वर्षं रोज कितीतरी वेळा हे घडलं की शिफ्ट सुटली, चहा समोर आला, जेवण झालं, की मेंदू ते मागतोच. कुठल्याही मदतीशिवाय, नुसत्या निश्चयावर सिगारेट सोडायला निघालेल्यांपैकी वर्षभरानंतर शंभरात तीन ते पाच जणच सुटलेले असतात. तुमचे यजमान उरलेल्या पंच्याण्णवांत आहेत. त्यावरून त्यांच्या मायेचं मोजमाप करू नका.

शपथेनं एक नुकसानही झालं. साखर वाढली तर माणूस घरी सांगतो, गोळी घ्यायची राहिली तर सांगतो. सिगारेट ओढली हे सांगायचं, तर लेकीचा जीव पणाला लावला हे कबूल करावं लागतं. ते कोणत्या बापाच्या तोंडून निघेल? मग तो खोटं बोलतो, खोटं उघडं पडतं, तुम्ही पुन्हा शपथ मागता, आणि ज्या व्यसनावर चांगले उपचार आहेत त्यावर उपचार सुरूच होत नाहीत. तुम्ही ती शपथ जीव घाबरा होऊन घातलीत, त्या वेळी हातात दुसरं काहीच नव्हतं. पण आता ती तुम्हीच परत घ्या. मोकळ्या शब्दांत, यजमानांना आणि मुलीलाही ऐकू येईल असं सांगा की ती शपथ आता नाही.

मुलीचं म्हणाल, तर शपथ मोडल्याची बातमी तिला तुमच्याकडून कळू नये. ती १७-१८ वर्षांची आहे, परीक्षेचं वर्ष आहे, आणि स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून वडिलांनी दिलेला शब्द तिच्या मनात कुठे जाऊन बसला असेल ते सांगता येत नाही. उद्या बाबांची तब्येत बिघडली तर ती त्याचा संबंध स्वतःशी लावेल. यजमान उपचार घ्यायला तयार झाले की त्यांनीच तिला सांगावं : मला सोडायला जड जातंय, डॉक्टरांची मदत घेतोय. तोवर तिच्याकडून बाबांचे खिसे तपासून घेऊ नका, वास घ्यायला लावू नका. मुलांना असं राखणीला बसवलेली घरं मी पाहिली आहेत. तिथे सिगारेट सुटली नाही, बाप-लेकीचं बोलणं मात्र तुटलं.

आता ‘दोन-तीनच’. ही समजूत इतक्या घरांत आहे की यावर जरा सविस्तर लिहिते. पंधरा-वीसच्या दोन-तीन झाल्या म्हणजे धोकाही सातपट-आठपट उतरला, असं आपण धरून चालतो. कर्करोगाच्या बाबतीत संख्या कमी झाली की धोका बराच उतरतो. हृदयाच्या बाबतीत तसं होत नाही. २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १४१ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. दिवसाला २० सिगारेटींनी हृदयविकाराचा जितका जादा धोका वाढतो, त्याचा जवळपास निम्मा धोका दिवसाला फक्त एका सिगारेटीनंही वाढतो, असं त्यात दिसलं.

याचं कारण धुराचा रक्तावर होणारा परिणाम. अगदी थोड्या धुरानंही रक्तातल्या प्लेटलेट्स चिकट होतात आणि गुठळी धरायला तयार होतात. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर, जे एरवी वाहिनीला सैल ठेवतं आणि गुठळी धरू देत नाही, ते काम करेनासं होतं. निकोटीनमुळे नाडी आणि रक्तदाब वाढतो, म्हणजे हृदयाला जास्त प्राणवायू लागतो. त्याच वेळी धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूची जागा अडवतो. पहिल्या एक-दोन सिगारेटींतच यातला पुष्कळ परिणाम होऊन चुकतो. पुढच्या सिगारेटी त्यात भर घालतात, पण तेवढ्या प्रमाणात नाही. म्हणून कमी करणं ही सोडण्याच्या वाटेवरची पायरी म्हणून चालेल, पण तिथेच थांबलं तर हृदयाला फार थोडा दिलासा मिळतो. ‘लाइट’ सिगारेटनं तर तेवढाही मिळत नाही. ती ओढणारा नकळत जास्त खोल झुरका घेतो, जास्त वेळ आत धरतो आणि लागणारं निकोटीन वसूल करतो.

स्टेंट बसला म्हणजे आता आतून सगळं साफ झालं, असं यजमानांना वाटत असेल तर त्यांनाही हे वाचायला द्या. स्टेंट ही धातूची बारीक जाळी आहे. जिथे ती बसवली तेवढी जागा ती उघडी ठेवते, बाकीच्या रक्तवाहिन्या होत्या तशाच राहतात. आणि हार्ट अटॅक बहुतेक वेळा थर वाढत वाढत वाट बंद झाल्यानं येत नाही. चरबीचा थर अचानक फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत रक्त अडतं. असा फुटणारा थर कित्येकदा निम्मी वाटही अडवत नसतो, त्यामुळे ईसीजी किंवा टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून घेतलेली हृदयाची तपासणी) ठीक आली तरी पुढच्या झटक्याची शक्यता संपत नाही. त्यात नव्या स्टेंटवरही गुठळी धरू शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या दिलेल्या असतात त्या यासाठीच. रोज सकाळी त्या गोळ्या घ्यायच्या आणि संध्याकाळी टपरीवर उभं राहून प्लेटलेट्स चिकट करायच्या, असं सध्या चाललं आहे. दरम्यान, त्या गोळ्या एक दिवसही चुकत नाहीत ना, एवढं मात्र तुम्ही नक्की बघा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायच्या नाहीत.

याची दुसरी बाजू आशेची आहे, आणि ती तुम्हा दोघांना कुणी नीट सांगितलेली दिसत नाही. हृदयविकार झाल्यानंतर सिगारेट सोडलेल्या आणि न सोडलेल्या रुग्णांची तुलना करणाऱ्या २० अभ्यासांचा आढावा २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. सोडलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका ३६ टक्क्यांनी कमी होता. एवढा फायदा देणाऱ्या गोळ्या हृदयविकाराच्या औषधांत मोजक्याच आहेत. आणि हा फायदा घ्यायला उशीर झालेला नाही, झटका येऊन तीनच महिने झालेत.

सासूबाईंची भीती खरी आहे, तिला हसू नका. आपला मुलगा पुन्हा कोसळेल या धास्तीनं त्या बोलतात. पण सिगारेट टेन्शन घालवते हे त्यांनी आणि तुमच्या यजमानांनी गृहीत धरलं आहे, ते तपासून पाहा. शरीरातलं निकोटीन दोनेक तासांत निम्म्यावर येतं. ते उतरू लागलं की चिडचिड, अस्वस्थता सुरू होते, पुढची सिगारेट ती शमवते, आणि माणसाला वाटतं कामाचा ताण उतरला. त्यातला बराचसा ताण आधीच्या सिगारेटीनंच मागे ठेवलेला असतो. सोडल्यानंतरचे पहिले दोन-चार आठवडे जड जातात, हे खरं. पण ते ओलांडलेल्या लोकांचा ताण आणि उदासी आधीपेक्षा कमी झालेली आढळते. सासूबाईंना हे यजमानांच्या डॉक्टरांकडूनच ऐकवा, तुमच्याकडून ऐकलं तर तो सासू-सुनेचा वाद होईल.

सासऱ्यांबद्दल त्यांना काही पटवायला जाऊ नका. ऐंशीपर्यंत बिडी ओढत जगलेला माणूस प्रत्येक घराण्यात निघतो आणि त्याची आठवण सगळे सांगतात. पन्नाशीत गेलेल्यांची बिडी कुणी आठवत नाही. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षं मागोवा घेतलेला आहे. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले : आयुष्यभर ओढणाऱ्यांचं आयुष्य न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षांनी कमी भरलं, आणि पन्नाशीत सोडणाऱ्यांनी त्यातली सुमारे ६ वर्षं परत मिळवली. तुमच्या यजमानांना हृदयविकार झालेला आहे, त्यामुळे हा आकडा त्यांना जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तरी ते पन्नाशीच्या उंबऱ्यावर आहेत, म्हणून सांगितला.

तंबाखू खाण्याचा सल्ला साफ नाकारा. भारतासह ५२ देशांतल्या रुग्णांच्या अभ्यासातून २००६ मध्ये दिसलं की तंबाखू चघळणाऱ्यांनाही हार्ट अटॅकचा धोका सुमारे दुप्पट असतो, आणि बिडीचा धोका सिगारेटपेक्षा कमी नसतो. हे मी तुमच्यापलीकडच्या वाचकांसाठीही लिहिते आहे. २०१६-१७ च्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात तंबाखू ओढणारे प्रौढ शंभरात चारही नाहीत, पण खाणारे-चघळणारे-लावणारे चोवीस आहेत. चुना-तंबाखू, मावा, खर्रा, आणि सकाळी दातांना लागणारी मिश्री. ज्या घरात ‘आमच्याकडे कुणी सिगारेटला शिवत नाही’ असं अभिमानानं सांगतात, तिथेही आजी-मावशींच्या मिश्रीची डबी असते. छातीत दुखतं म्हणून डॉक्टरांकडे गेलात तर तिचाही उल्लेख करा.

आता बोलायचं कसं. भांडणाच्या भरात नको, पाकीट हातात धरून नको, सासूबाई किंवा मुलगी समोर असताना नको. सुट्टीच्या दिवशी दोघंच फिरायला गेलात की सांगा : “अहो, अजून सुटलेली नाही हे मला माहीत आहे. मी शपथ घातली ती आता विसरा. मी भांडणार नाही, खिसे बघणार नाही. पण हे एकट्यानं सुटत नाही असं मी वाचलंय. पुढच्या तपासणीला आपण दोघं डॉक्टरांना सांगू आणि यावर औषध मागू.” एवढंच बोला, आणि मग त्यांना बोलू द्या. ते गप्प राहिले तरी चालेल. पहिल्याच बोलण्यात होकार मिळवायचा हट्ट धरू नका.

डॉक्टरांच्या खोलीत शक्यतो त्यांनीच सांगावं. त्यांना जमलं नाही आणि डॉक्टरांनी ‘सिगारेट बंद आहे ना?’ असं विचारलं, तर तुम्ही त्यांच्यासमोरच सांगा, “सुटायला त्रास होतोय, मदत हवी आहे.” पाठीमागून फोन करून कळवणं मला पसंत नाही, ते कळलं की उरलेला विश्वासही जाईल. मात्र त्यांनी तपासणीलाच जायचं टाळलं, तर मी हा संकोच सोडून देईन आणि तुम्हालाही तेच सांगेन.

डॉक्टरांना नेमकं विचारायचं ते हे : निकोटीनचं च्युइंग गम किंवा पॅच यांना चालेल का, की व्हॅरेनिक्लीनसारखी तलफ कमी करणारी गोळी द्यावी? झटक्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत जपावं लागतं. तब्येत स्थिरावलेल्या हृदयरुग्णाला निकोटीनचं गम सिगारेटपेक्षा कितीतरी सुरक्षित मानलं जातं, कारण त्यात धूर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही, आणि निकोटीनही रक्तात सावकाश जातं. अशा मदतीनं सुटण्याची शक्यता साधारण दीडपट होते. तुमच्या यजमानांना काय योग्य ते त्यांचे डॉक्टरच ठरवतील, दुकानातून परस्पर आणू नका. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत सिगारेट लागते का, हे डॉक्टरांना सांगा. डोस त्यावरून ठरतो. गम दिलंच तर ते साध्या गमसारखं भराभर चघळायचं नसतं. सावकाश चावायचं, जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा थोडं चावायचं, असं अर्धा तास. आधीच्या पंधरा मिनिटांत चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. बरेच जण ते चघळून गिळतात, मग उचकी लागते, पित्त होतं, आणि ‘मला सोसत नाही’ म्हणून दुसऱ्या दिवशी परत टपरीवर जातात.

डॉक्टरांना बोलायला वेळ नसेल, ओपीडीच्या गर्दीत तो बहुधा नसतोच, तर सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक आहे. तंबाखू सोडण्यासाठीची ही केंद्र सरकारची मोफत फोनसेवा मुंबईच्या टाटा मेमोरियलमधूनही चालते, मराठीतून बोलता येतं. समुपदेशक सोडण्याची तारीख ठरवायला मदत करतात आणि नंतर स्वतःहून फोन करून चौकशी करतात. यजमानांना घरच्यांपेक्षा अनोळखी माणसाशी बोलणं सोपं जाईल, असा माझा अंदाज आहे.

तुमच्या पत्रात एक ओळ होती की शिफ्ट सुटली की सगळे टपरीवर चहाला थांबतात. माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. त्या पंधरा मिनिटांत सिगारेटबरोबर दिवसभराच्या गप्पाही असतात, आणि त्या सोडायला सांगणं म्हणजे माणसं सोडायला सांगणं. पहिले तीन-चार आठवडे चहा कारखान्याच्या कँटीनमध्येच घेता येईल का, न ओढणाऱ्या एका सहकाऱ्याला विश्वासात घेता येईल का, हे त्यांनाच ठरवू द्या. तलफ येते ती बहुधा चार-पाच मिनिटांत ओसरते. तेवढ्यापुरतं उठून चालणं, पाणी पिणं, बडीशेप चघळणं, तुम्हाला एक फोन करणं पुरतं. तो फोन आला की ‘ओढली नाहीस ना?’ असं विचारू नका, भाजी काय आणायची ते विचारा. वजन दोन-चार किलो वाढेल, भूक वाढेल. त्यावरून टोकू नका.

मधेच एखादी ओढली जाईल, ती शक्यता धरूनच चला. त्या दिवशी त्यांना घरी येऊन ते सांगता आलं, तर तो मी विश्वासघात मानणार नाही. कुठे, कुणाबरोबर, कशामुळे ओढली एवढं शांतपणे विचारा आणि दुसऱ्या दिवशी औषध पुढे चालू. झोप लागत नाही, कशात मन रमत नाही, एकटेच बसून राहतात असं दिसलं, तर तेही डॉक्टरांना सांगा. हार्ट अटॅकनंतर पुष्कळांना उदासी येते, ती उपचारांनी बरी होते, आणि तिच्यावर उपचार झाले नाहीत तर सिगारेट सुटणं आणखी जड जातं.

आणि ते काहीच ऐकायला तयार झाले नाहीत तर? मग तुमच्या हातात मोजक्या गोष्टी राहतात. घरात, गॅलरीत आणि गाडीत धूर नको, हे ठामपणे सांगा. दुसऱ्याच्या धुरानंही हृदयविकाराचा धोका पाव पटीनं तरी वाढतो, आणि तुम्हाला व मुलीला तो नाकारायचा पूर्ण हक्क आहे. गोळ्या आणि तपासण्या चालू ठेवा. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा विचारा, तितक्याच मऊपणे. एकदा नाही म्हणालेला माणूस चौथ्यांदा हो म्हणाल्याची उदाहरणं माझ्या टपालात भरपूर आहेत. त्यापुढची जबाबदारी त्यांची आहे, तुम्ही पहारा कमी केलात म्हणून काही घडेल हे ओझं स्वतःवर घेऊ नका. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, दम लागणं यांतलं काहीही झालं तर ‘गॅस असेल’ म्हणत थांबू नका, त्यांना स्कूटर चालवू देऊ नका, १०८ ला फोन करा. हे सासूबाईंना आणि मुलीलाही आजच सांगून ठेवा, आणि गोळ्यांची यादी व अँजिओप्लास्टीचे कागद सगळ्यांना सापडतील अशा एका जागी ठेवा.